दीड वीत पाणी

विहिरीत कासव हवंच, असा आमच्या वडिलांचा हट्ट होता. ते साताऱ्याकडचे. रेल्वेच्या नोकरीपायी झाशीला आले, लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागले, नगरा वस्तीत तीन खोल्यांचं घर बांधलं आणि मागच्या अंगणात विहीर खणून घेतली. त्यांच्या गावी विहिरीत कासव सोडायची रीत होती. कासव अळ्या-किडे खातं, पाणी साफ राहतं, शिवाय घर स्थिर राहतं, असं ते म्हणत. पाणी लागलं त्याच आठवड्यात त्यांनी बेतवा नदीवर जाळं टाकणाऱ्या एका माणसाकडून कासव मागवलं. बादलीत ओल्या गोणपाटाखाली बशीएवढं कासव आलं. मी तेव्हा आठवीत होते. शेजारणी बघायला आल्या, आणि ही मराठी माणसं पाण्यात जनावर सोडून तेच पाणी पितात म्हणून नाकं मुरडून गेल्या.

घर स्थिरबिर काही राहिलं नाही. वडील गेले. भाऊ नोकरीला नाशिकला गेला तो तिथलाच झाला. मी लग्न केलं नाही, कारण विचारायला आलेला एकही माणूस मला धड वाटला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मग उरलो मी आणि कासव. ते एव्हाना छोट्या परातीएवढं झालं होतं.

मी चौतीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, अर्थातच हिंदीतून. मुली मला घाबरायच्या आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझा सगळ्यात लाडका धडा श्वासाचा. एवढासा अमीबा नाक नाही, फुप्फुस नाही, मजेत जगतो. मग हत्तीला एवढा खटाटोप का? मी बटाट्याचे तुकडे करायची. एक चण्याएवढा, एक लिंबाएवढा, एक अख्खा बटाटा. तिन्ही रंगाच्या पाण्यात तासभर ठेवायची आणि मग चिरून दाखवायची. चण्याएवढा आरपार रंगलेला. मोठ्याची फक्त साल रंगलेली, आत पांढराफेक. बघा, म्हणायची, लहान जिवाला बाहेरचं आत पोचायला वेळ लागत नाही, कारण त्याला आत असं फारसं नसतंच. जीव मोठा झाला की अंगाच्या मानाने कातडी कमी पडते. मग कुणी कल्ले करतं, कुणी अंगभर बारीक नळ्या करतं, कुणी फुप्फुसं करतं, आणि आतल्या आत हवा पोचवायला रक्त धावत ठेवतं.

आई चौथी शिकलेली. तिला मी हे घरी मराठीतून सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, म्हणजे मोठ्यांना श्वास घ्यायलासुद्धा गडीमाणसं लागतात. असं सोपं करून मला चौतीस वर्षांत एकदाही सांगता आलं नाही.

आई गेली तेव्हा रडू आलं ते सगळ्यांना येतं तसंच आलं. पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकही मराठी शब्द बोललेली नाही. दूधवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, फोनवर बँकेशी हिंदी. झाशीत मराठी घरं नाहीत असं नाही. शहरात जुनी घराणी आहेत, पेशवाईच्या काळापासूनची, त्यांचा गणपती असतो, तिथे आम्ही जातोही. पण ते जुने आणि आम्ही रेल्वेचे, हे त्यांच्या अजून लक्षात आहे. आणि तिथेही दोन वाक्यं मराठीत झाली की तिसरं हिंदीत सुरू होतं. त्यांची पोरं मला नमस्ते आंटीजी म्हणतात. बरं आहे, नमस्ते तर म्हणतात.

म्हणून मी कासवाशी बोलायला लागले. हसायचं तर हसा. चार वाजता चहा झाला की पोळीचा डबा घेऊन मी विहिरीपाशी जायची. काठाला लागून पूर्वेला धुण्याचा दगड आहे, त्यावर बसायची आणि डब्याचं झाकण दगडावर दोनदा आपटायची. थोड्या वेळाने खाली पाण्यात आधी नाक दिसायचं. नाक कसलं, दोन भोकांची बारीक नळीच ती. मग ती लांब मान, मग पाठ. मी पोळीचे तुकडे टाकायची आणि बोलत बसायची. गुडघा कसा दुखतो, वीजवाल्याने कसं उद्धट उत्तर दिलं, आई वांग्याच्या भाजीत काय घालायची ते मला कसं आठवत नाही. कधीकधी त्यालाच रागवायची, की काय रे बाबा, आज उशीर केलास, मला काय दुसरी कामं नाहीत? दुसरी कामं खरोखरच नव्हती. ते माझं ऐकत होतं असा माझा दावा नाही. मी जीवशास्त्र शिकवलंय. त्याला झाकणाचा आवाज कळत होता आणि पोळी कळत होती, एवढंच. पण चार वाजले की त्या दगडाखाली कुणीतरी येतंय, हे मला पुरत होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वनखात्यात आहे. ती एकदा येऊन गेली आणि भीत भीत म्हणाली की मैडम, आता कासव पाळायला बंदी आहे. मी म्हटलं, मी पाळलेलं नाही, ते बंदीच्या आधीपासून इथे राहतं. ती हसली आणि चहा पिऊन गेली. तिने तेव्हाच पिंजरा आणून त्याला बेतवात नेऊन सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

भावाचा फोन दर रविवारी येतो. आई गेल्यापासून त्याचा एकच धोशा होता की तू नाशिकला ये. मी नाही म्हटलं की दुसरा धोशा, विहिरीला जाळी बसव. तू एकटी, गुडघा असा, पाय घसरून आत पडलीस तर चार दिवस कुणाला कळायचं नाही. मी म्हटलं, मी विहिरीपाशी अठ्ठावन्न वर्षांची असल्यासारखी बसते. तो म्हणाला, तू अडुसष्टची आहेस. चार महिने आम्ही यावरून भांडलो. शेवटी एका रविवारी तो म्हणाला, आई गेली, आता तू तरी राहा, आणि मी जाळीला हो म्हटलं.

माणिक चौकातून एक वेल्डिंगवाला आणला. काठावर जाळी बसवायची तर रहाटाचे खांब आड येत होते. काठापासून दोन-अडीच हात खाली विहिरीच्या बांधकामात चारी बाजूंनी एक कपार, म्हणजे पुढे आलेली कड, आहे, तिच्यावर जाळी टेकवा, हे मीच सुचवलं. मी सुचवलं, हे मुद्दाम लिहून ठेवते. भोकं मुठीएवढी ठेवा म्हणजे पोळीचे तुकडे खाली जातील, हेही मीच सांगितलं. मध्ये एक झाकण आणि त्याला कुलूप. मोटारीचा पाइप पश्चिमेच्या कोपऱ्यातून वर येतो, त्याच्या वळणात जाळी अडली, तेव्हा त्या माणसाने तेवढा कोपरा दगडाचा एक थर वर घेतला आणि जाळी तिरपीच ठोकून दिली. मी त्याला असं झापलं की शेजारीण बाहेर आली. एक सरळ रेघ येत नाही का तुम्हाला, भैया? तो म्हणाला, मैडम जी, चलेगा, इससे कुछ नहीं होता. मी नीट करून द्यायला सांगितलं आणि तो उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच. रोज चहाच्या वेळी तो तिरपा कोपरा समोर दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

पाणी त्या कपारीपर्यंत येईल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. तुम्ही झाशीचे असाल तर तुमच्याही मनाला शिवला नसता. इथे आमचं सगळं आयुष्य पाणी किती खाली गेलं हे बघण्यात जातं. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी चिखल उरतो, बायका गरौठ्याकडच्या नातेवाइकांना फोन करून तुमच्याकडे आहे का पाणी म्हणून विचारतात. पाणी जास्त झालं तर काय, असा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

भाद्रपदात भावाने गौरी-गणपतीला नाशिकला बोलावलं. जाळीला हो म्हटलं होतं, तेव्हा याला नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. घराची किल्ली शेजारणीकडे दिली. कासवाला आठ दिवस पोळी नाही मिळाली तरी चालतं, पावसाळ्यात विहिरीत खायला बक्कळ असतं. निघायच्या दिवशी मी झाकण आपटून त्याला बोलावलं, दोन पोळ्या टाकल्या आणि नीट राहा म्हणून सांगितलं.

नाशिकला सगळे मराठी. दुकानदार मराठी, रिक्षावाला मराठी, टीव्ही मराठी. मला वाटलं होतं आता पोटभर बोलेन. पण मी तोंड उघडलं की घरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. मी म्हटलं, ठंडी आहे, पाणी गरम करून घे, तर हसल्या. मी फडताळ म्हटलं तर एकीने विचारलं, म्हणजे काय हो? भावजय कौतुकाने सांगायची की आमच्या वन्सं अगदी हिंदी सिरियलसारखं बोलतात. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण तिसऱ्या दिवसापासून मी कमी बोलायला लागले, आणि पाचव्या दिवशी मला कासवाची आठवण यायला लागली. त्या एवढ्या मोठ्या घरात, पंचवीस माणसांत, मी मोठ्या बटाट्यातल्या पांढऱ्या भागासारखी बसलेली होते. माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

भावाची नात तेवढी हसायची नाही. दहा वर्षांची, अंगाने काडी, डोक्याने तिखट. मला आत्याआजी म्हणायची आणि मागे मागे फिरायची. तिला विहिरीची, कासवाची, जाळीची, सगळी गोष्ट मी सांगितली होती.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी शेजारणीचा फोन आला. झाशीत तीन दिवस पाऊस होता, रात्रभर तर धो धो पडला, आणि तिचा आवाज आनंदाने फुटत होता. दीदी, आपका कुआँ लबालब हो गया, रात भर में. इतना पानी तो मैंने कभी नहीं देखा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की आपली विहीर भरली. भावाचे डोळे चमकले. वडील विहिरीला पाणी चढलं की देवापुढे साखर ठेवायचे, तशी त्याने ठेवली. सगळ्यांना वाटली. मीही चिमूटभर खाल्ली. ती साखर मी खाल्ली, हे माझ्या मनातून जात नाही.

दुपारी पुरणपोळीने सगळं घर आडवं झालं. पोरगी मला गच्चीत घेऊन गेली. तिला आईकडून कळलं होतं की मी विज्ञानाची बाई होते, तर आता काहीतरी करून दाखव. मी उकडलेले बटाटे आणले, तिने शाईची दौत आणली. चण्याएवढा, लिंबाएवढा, अख्खा. तासभर आम्ही पत्ते खेळलो आणि मग मी चिरून दाखवलं. तिचे डोळे मोठे झाले. मला किती दिवसांनी बरं वाटत होतं. मी रंगात आले. गांडूळ कातडीने श्वास घेतं म्हणून त्याला ओलं राहावं लागतं. झुरळाला कुशीत बारीक भोकं असतात. मासा पाण्यातलीच हवा कल्ल्यांनी गाळून घेतो, त्याला वर यायची गरज नाही.

तिने विचारलं, "आणि पाण्यात राहतात पण फुप्फुसं आहेत, ते?"

"ते वर येतात. देवमासा येतो, मगर येते, कासव येतं."

"आणि वर येताच आलं नाही तर?"

मी वर्गात द्यायची तसंच ठणठणीत उत्तर दिलं. "तर बुडून मरतात. पाण्यातलं जनावर पाण्यात बुडत नाही असं समजू नकोस."

वाक्य संपलं आणि सुरी हातातच राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. विहीर भरली म्हणजे पाणी कपारीच्या वर गेलं. पाणी कपारीच्या वर गेलं म्हणजे जाळी पाण्याखाली. आणि कासव जाळीच्या खाली. सकाळपासून मी हे डोक्यात घेऊन पुरण वाटत होते.

शेजारणीला फोन लावला. जरा बघून सांग, जाळी दिसते का. ती मागच्या अंगणात गेली, आणि म्हणाली की पाणी गढूळ आहे, वर कडुनिंबाचा पाला तरंगतोय, जाली तो दिख ही नहीं रही. मी म्हटलं, धुण्याच्या दगडाजवळून काठी घाल, जाळीला टेकेल, आणि किती भिजली ते बघ. काठी घातली, मोजली. डेढ़ बित्ता, दीदी. दीड वीत.

पोरगी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आत्याआजी, भोकातून डोकं जाईल ना त्याचं? मान किती लांब आहे?"

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थिनीने विचारला नसता. मान भोकातून वर काढली आणि दीड वितीपेक्षा लांब असली, तर ते जगणार होतं. आखूड असली तर नाही. आणि मला माहीत नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं ते आमच्या विहिरीत होतं, दोन वर्षं मी त्याच्यासमोर रोज माझं रडगाणं गायलं, आणि त्याची मान किती लांब आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी हाताने हवेत माप करून बघितलं. कधी वाटलं वीतभर, कधी वाटलं हातभर.

शेजारणीला म्हटलं, मोटार चालू कर, पाणी उपस, रस्त्यावर जाऊ दे. तर बिजली नाही. पहाटेच खांब पडलाय म्हणे. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये. तिचा नवरा म्हणाला, मी उतरून कुलूप तोडू का, पण त्याला पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि एका कासवासाठी मी कुणाचा नवरा विहिरीत उतरवणार नव्हते. मी पिशवी भरायला घेतली. भाऊ उठून आला, कासवासाठी सणाच्या दिवशी जातेस का म्हणाला. मी म्हटलं, जाळी तुझ्यासाठी बसवली, आता जायला तरी दे. बोलायला नको होतं. तो गाडी काढून मला स्टेशनवर सोडायला आला, तिकीटही त्यानेच काढलं.

मनमाडच्या पुढे शेजारणीचा फोन आला. पाला थोडा सरकलाय, आणि पाइपाजवळ जाळीचा एक कोपरा पाण्याच्या वर दिसतोय. सकाळपासून असाच असेल, तिला पाल्यामुळे कळला नव्हता. मला गाडीत मोठ्याने हसू आलं. तो तिरपा कोपरा! दगडाचा एक थर वर. म्हणजे तिथे पाण्याला तोंड उघडं होतं. कासवाने फक्त पोहत पाइपापर्यंत जायचं आणि नाक वर काढायचं. मी त्या वेल्डिंगवाल्याची मनातल्या मनात शंभरदा माफी मागितली. ठरवलं की माणिक चौकात जाऊन त्याला शोधायचं आणि मिठाई द्यायची.

बाकीचा रस्ता मी हिशेब करत बसले. या मऊ पाठीच्या जातीची कासवं घशाच्या कातडीतून पाण्यातली थोडी हवा घेतात, अंगाच्या कातडीतूनही घेतात. थंडीत तळाशी गप्प बसून तासन्‌तास काढतात. पण भाद्रपदातलं पाणी कोमट, कोमट पाण्यात हवा कमी आणि जिवाला लागते जास्त. आणि ते बशीएवढं असतं तर कातडीवर निभावलं असतं. परातीएवढं झालं होतं. मी पोळ्या घालून मोठं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी घरी पोचले. पहाटे वीज आली होती आणि शेजारणीने मोटार लावली होती, त्यामुळे पाणी उतरून जाळी मोकळी झाली होती. ती अंगणात उभी होती, पण विहिरीकडे तोंड करून नव्हे. मला बघून तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मला तिथेच कळलं. तरी मी आधी पाइपाच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे काही नव्हतं. ओला पाला होता.

ते धुण्याच्या दगडाच्या बरोबर खाली होतं. जाळीच्या एका भोकातून मान वर काढलेली, पूर्ण ताणलेली, नाक आभाळाकडे. पाठ खालून जाळीला घट्ट दाबलेली. पाणी उतरलं तसं ते मानेवर लटकत राहिलं होतं.

मी दगडावर बसले आणि रडले. मी मारलं त्याला, हे मी मोठ्याने म्हटलं, मराठीत, आणि शेजारणीला शब्द कळले नाहीत तरी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने कुलूप उघडलं, दोर बांधून कासव बाहेर काढलं. कडुनिंबाखाली खड्डा केला. पुरण्याआधी मी त्याची मान विटेवर सरळ केली आणि माझ्या हाताने मोजली. वेडेपणा होता, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय चौतीस वर्षांची आहे.

संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, जाळीचं मीच तुझ्या मागे लागलो होतो. मी म्हटलं, तुझा काही दोष नाही, आणि ते खरंच होतं. मागे पोरगी फोनसाठी ओढाताण करत होती. त्याने तिला दिला.

तिने विचारलं, "मान किती लांब होती?"

"एक वीत आणि दोन बोटं."

"आणि पाणी दीड वीत." तिने गणित केलं. गणितात ती हुशार आहे. "म्हणजे चार बोटं कमी पडली."

"हो."

मला वाटलं ती रडेल, पण ती विचार करत होती. "पण आत्याआजी, तो एक कोपरा वर होता ना? तिथे हवा होती. मग ते तिकडे का नाही गेलं?"

खोटं सांगता आलं असतं. लहान आहे, पटलंही असतं.

"त्या बाजूला मी कधी बसत नाही गं," मी म्हटलं.